गाठ आतल्या बाजूला

१

दुकान उघडलं की मी आधी सुया मोजतो. बावीस. मशीनशेजारच्या गादीत ओळीनं टोचलेल्या असतात. घरात लहान मूल आलं तेव्हापासूनची ही सवय.

दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. मागच्या खोल्या आणि दुकान यांच्यामध्ये एक पडदा, बस्स. मशीन खिडकीपाशी, कापायचं टेबल मधोमध, आणि टेबलाखाली चिंध्यांचा मोठा खोका. दुपारी शाळा सुटली की माझी नात त्या खोक्यात येऊन बसते. सहा वर्षांची आहे. सगळं घर तिला मुंगी म्हणतं, कारण सारखं काहीतरी उचलून कुठंतरी नेत असते. बटणं, रिळं, एकदा तर माझा चष्मा.

मी मशीनवर असलो की ती टेबलाखालून हात काढते, माझं बोट धरते आणि तीनदा दाबते. म्हणजे 'मी आहे'. मग मी तीनदा दाबायचं. तसं केलं नाही तर ती बोट सोडत नाही आणि माझी टीप वाकडी जाते.

हात अर्थातच डावा. ती डावरी आहे.

कात्री उजव्या हातासाठी घडवलेली असते, हे कुणाच्या ध्यानात येत नाही. डाव्या हातात धरली की ती कापड कापत नाही, चघळते. मुंगी माझी जुनी कात्री घेऊन चिंध्या चघळत बसायची आणि रडकुंडीला यायची. म्हणून धारवाल्याकडून मी एक छोटी कात्री तिच्यासाठी उलट्या पात्यांची करून घेतली.

धारवाला म्हणाला, "मास्तर, इतकी वर्षं लोक कात्र्या सुधारायला आणतात. बिघडवायला आणणारे तुम्ही पहिलेच."

त्या कात्रीनं मुंगीनं पहिल्या दिवशी एक सरळ पट्टी कापली आणि ती दिवसभर डोक्याला बांधून हिंडली.

२

मग माझी थोरली बहीण राहायला आली. ताई ब्याऐंशी वर्षांची आहे. कान गेलेत, पण डोळ्यांतून काही सुटत नाही. देवापुढं सगळे उभे असताना मुंगीनं डाव्या हातानं फूल वाहिलं, तेवढं तिनं बरोबर पाहिलं.

"ज्या हातानं धुवायचं त्याच हातानं देवाला द्यायचं?" ताई मला म्हणाली. "आणि तू बघत बसलास?"

"लहान आहे गं. देवाला चालतं." मी तिच्या कानाशी मोठ्यानं म्हणालो.

"तुला येऊन सांगितलं वाटतं देवानं?"

सून भाजी निवडत होती. ती शिकलेली आहे, इस्पितळात कागदपत्रांच्या खिडकीवर बसते. ती ताईला गप्प करील असं मला वाटलं होतं. पण तिनं मान खालीच ठेवली.

"बाबा, मला नाही पटत असलं काही. पण शाळेत पोरी तिला वाकडी म्हणतात. डब्यातलं दिलं तर घेत नाहीत. बाईंनी तिला शेवटच्या बाकावर एकटीला बसवलंय, कोपर लागतं म्हणून. रोज रडत येते हो."

हे मला ठाऊक नव्हतं. माझ्याकडं येईपर्यंत मुंगी डोळे पुसून येत होती.

"तुझा हात वळलाच ना?" ताई म्हणाली. "वळला नसता तर कुठल्या उस्तादानं तुला कात्री दिली असती? आयुष्यभर ताग्यांचे गठ्ठे उचलले असतेस. पिशवी शिव तिला. आईनं तुला शिवली होती तशी."

ती खोटं बोलत नव्हती.

३

पिशवीचं सांगतो. आमच्या गल्लीत पूर्वी डावऱ्या पोरांना ती घालायचे. मनगटापर्यंत येईल एवढी लहान पिशवी, तोंडाला नेफा, नेफ्यात नाडी. सकाळी डावा हात आत घालायचा, मनगटाशी नाडी ओढून बांधायची, रात्री झोपताना सोडायची. काही महिन्यांत हात विसरतो. तसंच म्हणायचे, 'विसरला का?' 'विसरला.' मग पेढे वाटल्यासारखा चेहरा करून ते लोक पिशवी मला परत आणून द्यायचे. ती घरात ठेवायला कुणालाच नको असायची. का, ते मी कधी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

मी अशा नऊ शिवल्या. सगळ्या टेबलाच्या खालच्या खणात पडून आहेत. आणि सगळ्यांच्या खाली दहावी, माझी, आईनं शिवलेली. पंधराएक वर्षांत कुणी नवी मागितली नव्हती आणि मला त्याचं बरंच वाटत होतं.

मुंगीसाठी मी नवं कापड काढलं. खळीचं कापड, कडक. कितीही धुतलं तरी नेफा मनगटाला काचणार. मग खण ओढला आणि माझी पिशवी काढली. इतक्या वर्षांचं सुती कापड, पापणीसारखं मऊ झालेलं. पोरीला काचणार नाही एवढंच माझ्या डोक्यात होतं. दुसरं काही नव्हतं, हे मी शपथेवर सांगतो.

धुतली, उन्हात वाळवली, कुजून तुटलेल्या नाडीच्या जागी नवी ओवली. मुंगीचा हात आत घालून नाडीची दोन्ही टोकं बाहेर काढली आणि मनगटाच्या वरच्या बाजूला गाठ मारली. शिंप्याची साधी गाठ, ओढली की सुटते.

मुंगीनं हात वर करून पाहिला.

"आजोबा, हात आंधळा झाला."

"थोडेच दिवस हं."

"त्याला भीती नाही ना वाटणार?"

मी म्हणालो, नाही वाटणार.

४

पाचव्या दिवशी दुपारी मुंगी खोक्यात चित्र काढत होती. उजव्या हातानं. रेघा थरथरत होत्या, पण काढत होती. मी तिच्या मनगटाकडं सहज पाहिलं आणि गाठ दिसली नाही.

सुटली म्हणावी, तर पिशवी घट्ट होती. मी वाकून बोटानं चाचपलं. नाडीची दोन्ही टोकं नेफ्यातून आत गेली होती. गाठ आतल्या बाजूला होती.

काही गोष्टी हातांना आधी कळतात. मी नेफ्याची कड जराशी उलटून पाहिली. गाठ शिंप्याचीच, पण पीळ उलट्या बाजूचा. डावऱ्या माणसानं मारलेली गाठ तशी पडते.

मनात म्हटलं, सुनेनं सकाळी घाईत बांधली असेल. सून उजवी आहे. मग म्हटलं, पोरीनं दातांनी ओढली असेल. पण दातांनी गाठ सुटते, पडत नाही. आणि कापडाच्या आत दात कसे जातील?

"मुंगे, ही कुणी बांधली?"

"त्यानं." ती चित्रातून वर न बघता म्हणाली.

"कोणी?"

"आतल्यानं. माझा हात धरतो ना तो."

मी हसलो. सहा वर्षांच्या पोरीला आतले-बाहेरचे पुष्कळ सोबती असतात. "कसा धरतो गं?"

तिनं खडू खाली ठेवला. उजव्या हातानं माझं बोट धरलं आणि दाबलं. दोनदा. थांबली. मग एकदा.

मी मशीनपाशी जाऊन बसलो. पाय पायट्यावर होते, पण मशीन चालू करायचं सुचेना.

लहानपणी पिशवीतल्या अंधारात करायला काही नसायचं. म्हणून मी आपला अंगठा तळव्यावर दाबायचो. दोनदा, थांबून एकदा. शाळेत, जेवताना, आई अंघोळ घालताना. माझा एकट्याचा खेळ होता तो. ताईला ठाऊक नव्हता, आईला नव्हता, माझ्या बायकोलाही मी कधी सांगितला नाही. मी स्वतःच तो विसरून गेलो होतो.

५

दुसऱ्या दिवशी सुया एकवीस भरल्या.

गादी झटकली, फरशीवर लोहचुंबक फिरवलं, मशीनचं झाकण काढलं. नाही. मग मनात आलं, पिशवीत तर नाही ना राहिली? नवी नाडी ओवताना? पोरीच्या हाताला काही टोचत असेल आणि त्यालाच ती 'धरतो' म्हणत असेल. असं वाटलं तेव्हा मला चक्क हायसं झालं. सुई सापडली की सगळ्याचा उलगडा होणार होता.

मुंगी खोक्यात झोपली होती. बाहेर लख्ख दुपार होती. समोरच्या पिठाच्या गिरणीचा पट्टा फटफट वाजत होता. मी गुडघ्यावर बसून दाभणाच्या टोकानं आतली गाठ सोडवली आणि पिशवी हळूच ओढून काढली. तिचा हात पोटावर पडला, बराच वेळ पाण्यात राहिल्यासारखा सुरकुतलेला. तळवा पाहिला, बोटं पाहिली. कुठंच टोचल्याची खूण नव्हती.

रिकामी पिशवी माझ्या डाव्या हातात होती. कोपऱ्यातल्या शिलाईत सुई अडकली आहे का बघायला मी उजव्या हाताची दोन बोटं आत घातली.

ती कुणीतरी धरली.

लहान हात होता. उबदार होता. समोर मुंगीचे दोन्ही हात मला दिसत होते, एक पोटावर, एक गालाखाली. गिरणीचा पट्टा वाजतच होता. म्हातारपणी बोटांत गोळे येतात, कापड ओलं असलं की चिकटतं, असं काहीबाही मी मनाशी म्हणत राहिलो. तेवढ्यात आतून दाबलं. दोनदा. थांबून एकदा.

आणि अंगठ्याच्या बुडाशी, जिथं कातडी मऊ असते, तिथं मला एक खरबरीत चंद्रकोर लागली.

पाच वर्षांचा असताना मी डावा हात पुढं करून तापलेली इस्त्री धरली होती. तिच्या टोकाचा डाग तिथंच पडला होता. पिशवी काढली त्या दिवशी आईनं माझा हात उलटासुलटा करून पाहिला होता आणि ताईला हाक मारली होती. "बघ गं, हात वळला आणि डागसुद्धा गेला!" शेजारणी येऊन पाहून गेल्या होत्या. शुभ मानलं होतं सगळ्यांनी.

मी बोटं ओढून घेतली. झटकून नाही. लहान मुलाच्या हातातून सोडवून घेतात तशी, एकेक. पिशवी खणात टाकली आणि खण पायानं लोटला.

सुई माझ्याच सदऱ्याला टोचलेली होती.

६

संध्याकाळी मी सुनेला म्हणालो, "पुरे झालं आता. पिशवी मी ठेवून दिली."

"अहो बाबा, आत्ता तर कुठं वळायला लागलंय!" तिनं वही आणून दाखवली. अख्खं पान उजव्या हातानं लिहिलेलं. "बाईंनी तिला पुढच्या बाकावर घेतलं. आज मैत्रीण झालीये तिला, माहितीये?"

"असू दे. जमलंय ते राहील तिला. पण पिशवी नको."

"का पण?"

काय सांगणार होतो? म्हणालो, "कापड जुनं आहे."

सून हसली. "मग नवं शिवा. तुम्हीच ना शिंपी?"

सकाळी मुंगी पडदा सारून दुकानात आली तेव्हा पिशवी तिच्या डाव्या हातावर चढवलेली होती. जुनीच. गाठ आतल्या बाजूला.

सून म्हणाली, मला वाटलं तुम्हीच घातलीत. ताई म्हणाली, माझे गुडघे तरी वाकतात का खणापर्यंत? मुलगा तर गाडी घेऊन चार दिवस बाहेरगावी होता.

मी मुंगीला टेबलावर बसवलं. "तू काढलीस खणातून?"

"तो हाका मारत होता."

"हाका? बोलतो का तो?"

"बोलत नाही हो आजोबा. हातानं कळतं." मग ती माझ्या कानाशी आली. तिच्या तोंडाला दुधाचा वास होता. "त्याला खूप दिवस झालेत ना आत. तो म्हणतो, तू जरा वेळ बस, मी पाय मोकळे करून येतो."

मी मोठी कात्री उचलली. पोरीचं मनगट धरलं आणि पातं नेफ्याखाली सरकवायला गेलो. मुंगी घाबरून किंचाळली, "त्याला लागेल!" आणि पडदा फाटल्यासारखा आवाज करत सून आत आली.

"बाबा! काय करताय? बाबा!"

तिनं कात्री माझ्या हातातून काढून घेतली. मी दिली. कात्री आणि सहा वर्षांच्या पोरीचं मनगट, तिच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं.

मुलगा परत आल्यावर आतल्या खोलीत त्यांचं हळू आवाजात बोलणं झालं. ताईला ऐकू येत नाही म्हणून तिला मोठ्यानं सांगावं लागलं आणि ते मला इकडं ऐकू आलं. बाबांचं वय झालं. धारेचं काही त्यांच्या हाताशी ठेवायचं नाही. मुंगीला दुपारी दुकानात पाठवायचं नाही. पिशवी मात्र चालू ठेवायची.

कात्र्या कपाटात गेल्या. कपाटाला कुलूप लागलं. मला बटणं लावण्यापुरत्या सुया ठेवल्या.

मी ताईपाशी जाऊन बसलो. तिच्या कानाशी तोंड नेऊन विचारलं, "माझ्या हातावरचा डाग आठवतो का गं?"

"गेला की तो!" ताई म्हणाली. "इतक्या वर्षांनी काय आठवण झाली?"

"गेला तो कुठं गेला?"

तिनं माझ्याकडं नीट पाहिलं. मग माझा डावा हात आपल्या हातांत घेतला, पाठीवरून हात फिरवावा तसा चोळला आणि म्हणाली, "नेहमीच गार असतो रे तुझा हा हात."

७

अकरा दिवसांनी मुंगी पडदा सारून स्वतःच आली. मागे सून, ताई, सगळे उभे. पिशवी तिच्या उजव्या हातात होती. ती तिनं माझ्यापुढं धरली, अगदी मोठ्या माणसासारखी, नीट उजव्या हातानं.

"झालं आजोबा. विसरला."

सगळे हसले. "इतक्या लवकर कुणाचा विसरला नव्हता," ताई म्हणाली. सून डोळे पुसत होती. त्या दिवशी घरात गोड केलं होतं आणि सगळ्यांत मोठी वाटी मुंगीची होती.

"बघू," मी म्हणालो.

तिनं दोन्ही हात पुढं केले. उजवा तिचाच होता, करंगळीवर शाईचा ठिपका. डाव्या अंगठ्याच्या बुडाशी एक चंद्रकोर होती. पांढुरकी, जुनी, कडा विरलेली.

"हे कधी भाजलं गं?" सून वाकून म्हणाली. "मला कसं दिसलं नाही? जुनंच दिसतंय."

"जुनंच आहे," मुंगी म्हणाली.

छोटी कात्री माझ्या खिशात होती. कपाटात टाकताना ती कुणाला आठवली नव्हती. मी ती मुंगीला दिली. तिनं ती उजव्या हातात घेतली, एक चिंधी कापायला गेली, चिंधी चघळली गेली. कात्री तिनं टेबलावर ठेवली.

"ही उलटी आहे हो."

मग तिनं चंद्रकोरीचा डावा हात पुढं करून माझं बोट धरलं. दोनदा दाबलं. थांबून एकदा. आणि माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही. फार वर्षांनी घरी आलेलं माणूस दारातून आत पाहतं ना, कुठं काय बदललं ते, तसं.

सगळे आत गेले. आतून वाट्यांचे आवाज येत होते. मुंगी खदखदून हसत होती.

८

पिशवी माझ्यापाशी आहे. तोंड घट्ट आवळलेलं आहे. बाहेर नाडीचं टोक नाही, पकडायला काही नाही, दाभण शिरेल एवढी फटही नाही. गाठ आत आहे, शिंप्याची साधी गाठ, ओढली की सुटणारी. पण ओढायची आतूनच.

कापावी तर पातं कुठं पडेल ते मला दिसत नाही. टाका टाका उसवावी तर आत काय उघडं पडेल, ते माझ्यानं बघवणार नाही. कुणाला सांगितलं तर ही पिशवीही कपाटात जाईल आणि तिथं तिला हातात घेणारं कुणी नसेल.

बाकीच्या नऊ खणात आहेत. त्यांना मी अजून हात लावलेला नाही. परत आल्या तेव्हा त्यांची तोंडं कशी होती, ते मला काही केल्या आठवत नाही. मी पाहिलीच नव्हती बहुतेक.

मुंगी आता दुपारी अंगणात मैत्रिणींबरोबर खेळते. अक्षर सुरेख झालंय. देवापुढं हात जोडून उभी राहते तेव्हा ताईचा ऊर भरून येतो. सून परवा म्हणाली, "बाबा, तुमच्यामुळं झालं हो सगळं." तिनं ते मनापासून म्हटलं.

मी दुपारी मशीनपाशी बसतो आणि पिशवी मांडीवर घेतो. गिरणीचा पट्टा वाजत असतो. मी कापडावरून बोट ठेवतो आणि वाट बघतो. बऱ्याच वेळानं आतून कुणीतरी ते चाचपून धरतं आणि तीनदा दाबतं.

मी तीनदा दाबतो.

आई म्हणायची, हात विसरायला पाच-सहा महिने लागतात. आता चौथा चालू आहे. काल मी दिवे लागेपर्यंत वाट बघितली. सून दोनदा हाक मारून गेली. मग आतून दाबलं. एकदा. दुसऱ्यांदा. आणि मग, पुढं काय करायचं असतं ते आठवत नसल्यासारखं, माझं बोट नुसतंच धरून ठेवलं.